शेजारचे ढेकूण

माझी मावशी काशीहून गंगेचा गडू घेऊन आली. आमच्या कॉलेजातले भूगोलाचे सर काश्मीरहून पाच किलो अक्रोड घेऊन आले. त्याला दोन वर्षं झाली, ते अजून फोडतायत. मी गेल्या मार्चात वऱ्हाडात गेले आणि तिथून ढेकूण आणले. चुकून अंथरुणातून आले असं नाही. मुद्दाम गेले, निवडून घेतले, मोजून आणले आणि वाटेत त्यांच्या खाण्यापिण्याची व्यवस्थाही स्वतः केली. या कामासाठी तिकडं कुणी जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी पुण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर. चार वर्षं प्रबंधासाठी नाव नोंदवायची खटपट चालली होती. आमच्या सरांचं म्हणणं असं, की डी.डी.टी.च्या नुसत्या वासानं आडवे होणारे ढेकूण आता मरेनासे झालेत. औषध तेच आहे, ढेकूण बदललाय. हे कुणाला पटत नव्हतं. सरांच्या बरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले ढेकूण होते, पण त्यांनी कधी पावडर पाहिलेली नव्हती, ते तासाभरात मरत. दुसऱ्या बाजूला हवे होते पन्नास जिवंत ढेकूण, वर्षानुवर्षं पावडर खाल्लेल्या घरातले. त्यात सरांची एक अट होती. बाटलीवर घराचं नाव पाहिजे आणि त्या घरात किती वर्षं पावडर पडली ते घरमालकानं स्वतः सांगितलेलं पाहिजे. सर एप्रिलअखेर निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जागी येणारे साहेब फुलपाखरांचे. "ढेकणावर प्रबंध? मी असताना?" असं ते आताच म्हणून गेले होते. तेव्हा एप्रिलच्या आत पन्नास ढेकूण, नाहीतर जन्मभर दुसऱ्यांचे बेडूक कापत बसणं, असा मामला होता.

सरांनी गावोगावच्या शाळांना पत्रं पाठवून विचारणा केली होती. अशात एक पोस्टकार्ड आलं. वाशीमकडच्या जऊळक्याचे गवई गुरुजी लिहीत होते: "आमच्या येथील ढेकूण सदर पावडरीत काडेपेटीत तीन दिवस राहून चौथ्या दिवशी टेबलावर चालत आला. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजविल्या. कळावे." सरांनी ते कार्ड तीनदा वाचलं आणि मला म्हणाले, "अजून इथं काय करतेयस?"

जऊळका, मंगळवार

अकोल्याला मोठी गाडी सोडून मी छोट्या गाडीत बसले आणि पळस बघत जऊळक्याला उतरले. गुरुजी फलाटावर उभे होते. उंच, पांढरा लेंगा-सदरा, खिशात दोन पेनं, चेहऱ्यावर वर्ग शांत करण्याची सवय. त्यांनी माझी पिशवी घेतली, चार पावलं चालले आणि थांबले.

"मॅडम, एक सांगू का? घरी ढेकनाचं काही बोलू नका."

"तुम्ही घरी सांगितलं नाहीत?"

"सांगितलं ना. पुन्याच्या मॅडम येऊन राह्यल्या, असं सांगितलं. काहून येऊन राह्यल्या, थे नाही सांगितलं."

"मग त्यांना काय वाटतंय?"

"शाळा तपासाले," गुरुजी रुळांकडं बघत म्हणाले.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. गल्लीत झाडून सगळ्या घरांच्या बाजा उन्हात उभ्या केल्या होत्या. लिंबाच्या पाल्याचा धूर चालला होता. बाया पातेल्यानं उकळतं पाणी आणत होत्या आणि बाजांच्या सांध्यांत ओतत होत्या. पुण्याची पाहुणी येणार, ती कुणाच्याही घरी चहाला बसेल, म्हणून अख्ख्या गल्लीनं सकाळपासून कंबर कसली होती. वऱ्हाडी माणसाचा पाहुणचार मी ऐकून होते. तो असा माझ्या मुळावर येईल असं वाटलं नव्हतं.

मी धावले. "थांबा! ओतू नका!"

पातेलं धरलेल्या बाई थबकल्या. ठेंगण्या, धट्ट्याकट्ट्या, पदर खोचलेला. या गुरुजींच्या पत्नी, शांताबाई.

"काहून? चटका बसन म्हून?"

"अहो, ढेकूण मरतील!"

"मरतीन नाही त काय? त्याच्यासाठीच त ओतून राह्यलो."

मग मला सगळं सांगावं लागलं. पोस्टकार्ड, काडेपेटी, सर, प्रबंध. गल्ली ऐकत होती. शांताबाईंनी पातेलं खाली ठेवलं आणि नवऱ्याकडं पाहिलं.

"तुमी कारडावर लिवलं? आमच्या घरी ढेकून हायेत म्हून? उघड्या कारडावर?"

"आमच्या येथील लिहिलं," गुरुजी म्हणाले. "येथील म्हंजे गावातला."

"पोस्टमननं वाचलं असन! पार अकोल्यापर्यंत वाचलं असन!" मग माझ्याकडं वळून, आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मॅडम, आमच्या घरी ढेकून नाहीत. आन् एक आइका. शुक्रवारी माह्या शीलीले पाह्याले कामरगावचे पाहुने येऊन राह्यले. थे जाईस्तोवर ढेकनाचं नाव काढाचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांच्या घरी राहायचं होतं.

जेवायला ज्वारीची भाकर, तर्रीदार वांग्याची भाजी आणि ठेचा होता. पहिल्या घासाला माझ्या कानांतून वाफा निघाल्या. शीला, त्यांची अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, गालातल्या गालात हसत माझ्या ताटात दही वाढत राहिली. गुरुजींच्या ताटात मात्र ठेचा नव्हता. त्यांनी दोनदा वाटीकडं पाहिलं, काही मागितलं नाही. आमच्या घरी राग आला की बोलणं बंद होतं. तिथं ठेचा बंद होतो, आणि माणसाला ते जास्त लागतं.

जऊळका, बुधवार

सकाळी बाटल्या, मऊ कुंचला आणि बॅटरी घेऊन मी गल्लीत निघाले. शीलाला सोबत घेतलं. बाटली म्हणजे रुंद तोंडाची, आत कागदाच्या घड्या घातलेल्या पट्ट्या आणि तोंडाला मलमल बांधलेली.

पहिल्या घरी म्हातारबा तंबाखू मळत बसले होते. "ढेकून? आमच्याकडं? छ्या. तिकडं शेजारी पाहा." शेजारच्या घरी सूनबाई म्हणाल्या, "आमच्याकडं कुठी? पलीकडच्या घरी लय हायेत, रात्रभर खाजवून राह्यतात." पलीकडच्या घरच्यांनी मला समोर धाडलं. समोरच्यांनी कोपऱ्यावर. मी वहीत प्रत्येक घराचं नाव लिहीत होते आणि पुढं लिहीत होते: नाही, शेजारी आहेत. पंधरा घरं झाली. शेवटच्या घरी राऊतकाकी धान्य पाखडत होत्या. त्यांनी सुपातून मान वर न करता सांगितलं, "आमच्याकडं नाहीत. गवई गुरुजीकडं पाहा."

म्हणजे गल्लीला वळसा घालून ढेकूण पुन्हा गुरुजींच्या दारात आले. एकाही घरात ढेकूण नव्हता आणि प्रत्येक घराच्या शेजारी मात्र होता.

पण राऊतकाकींना बोलायची हौस होती. मी सुपाशेजारी बसले आणि दुष्काळाचा विषय काढला. त्या सांगायला लागल्या. दुष्काळाच्या वर्षी सगळं घर खडी फोडायला रोजगार हमीच्या कामावर गेलं होतं. चार महिने घराला कुलूप. "कोंबड्या गेल्या. चिमन्या गेल्या. उंदीर बी गाव सोडून गेले, मॅडम, खरं सांगतो. चार महिन्यानं कुलूप काढलं आन् जरा बाजेवर टेकलो, त थे सगळेच्या सगळे हजर! वाट पाहून राह्यले होते मेले."

"कोण?"

"ढेकून ना!" काकी म्हणाल्या, आणि मग त्यांचा हात सुपात थांबला. "असं शेजारची सांगत होती," त्या म्हणाल्या.

शीलानं तोंडाला ओढणी लावली. मी वहीत लिहिलं: चार महिने उपाशी राहून जिवंत, शेजारची.

निघताना काकींना माझी दया आली असावी. म्हणाल्या, "पाराजवळ बाकडं हाये लाकडाचं. त्याच्यात भेटतीन. थे कोनाचंच नाही." खरंच होतं. बाकडं कुणाचंच नव्हतं, म्हणून ते कुणी धुतलं नव्हतं, आणि त्यातले ढेकूण दाखवायला गल्लीतली पाच माणसं हौसेनं आली. अकरा मिळाले. सगळ्यांना मोठा आनंद झाला. मला कसं सांगावं कळेना, की बाकड्यावर कधी पावडर पडत नाही, आणि बाकड्याला घरमालक नाही, त्यामुळं हे अकरा माझ्या काहीच कामाचे नाहीत. मी सगळ्यांचे आभार मानले आणि अकरा बेघर ढेकूण घेऊन परत आले.

शिरपूर, गुरुवार

गल्लीनं हात टेकले, म्हणून गुरुजींनी मला शिरपूरला धाडलं. तिथं त्यांच्या ओळखीचे एक सावजी, म्हणजे जैन दुकानदार होते. "म्हातारा खोटं बोलत नाही," गुरुजी म्हणाले. "पुऱ्या तालुक्यात तेवढाच भेटन."

बसमधून उतरून आधी तिथल्या प्रसिद्ध जैन देवळात गेले. मूर्ती जमिनीला टेकत नाही म्हणतात, मी वाकून पाहत होते तेव्हा मागच्या यात्रेकरूनं मला हळूच सांगितलं, "ताई, आता आम्हांलाही बघू द्या." ढेकूण शोधून शोधून मला प्रत्येक गोष्टीच्या खाली बघायची सवय लागली होती.

सावजींचं किराणा दुकान होतं. सत्तरीचे, सडपातळ, स्वच्छ. मी विचारलं, "तुमच्याकडं ढेकूण आहेत?"

"हायेत ना," ते म्हणाले. "लय हायेत."

दोन दिवसांनी हे शब्द कानांवर पडले आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. मी त्यांच्यासमोर वही उघडली. "किती वर्षं पावडर टाकताय?"

"पावडर? कधीच नाही. आमी जीव मारत नाही, बाई. बाज बाहेर नेतो, झटकतो, झाडाखाली सोडून देतो."

"मग ते जातात?"

"जातात. संध्याकाळी परत येतात. रस्ता पाठ झाला त्यायचा."

मी वही मिटली. तालुक्यातला एकमेव कबुली देणारा माणूस, आणि त्याचे ढेकूण सरांच्या बरणीतल्यांसारखेच, पावडर न पाहिलेले. सावजींनी माझा चेहरा पाहून गूळ आणि शेंगदाणे पुढं केले आणि प्रयोग काय आहे ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हातातला तराजू बाजूला ठेवला.

"म्हंजे तुमी त्यायले पावडरीत ठेवनार. मेले त तुमचं काम बिघडलं. जगले त तुमचं काम झालं."

"हो."

"मंग तुमचं न् माहं मागनं एकच हाये," ते म्हणाले. "मी रोज म्हनत जाईन, का बाईचे ढेकून जगू दे."

माझ्या प्रबंधासाठी आजवर कुणी प्रार्थना केली नव्हती. आईसुद्धा माझ्या लग्नासाठी करते. मी त्यांना वाकून नमस्कार केला.

दुपारी परत आले तर बाकड्यावरचे अकरा मरगळले होते. कामाचे नसले तरी उपाशी कसे ठेवायचे? मी ओसरीवर बसले, बाटली पालथी करून मलमलीचं तोंड हातावर दाबून धरलं. ढेकूण कपड्यातून सोंड घालतात आणि जेवतात. दहा मिनिटं लागतात. आपण दुसरीकडं बघायचं.

"अवं माय!" शांताबाई दारातून ओरडल्या. "हे काय करून राह्यल्या?"

"जेवायला घालतेय."

त्या माझ्याजवळ बसल्या. हातावर बाटलीच्या तोंडाएवढा लाल गोल उमटला होता. त्या गोलाकडं त्या बघत राहिल्या आणि मग एकदम बोलायला लागल्या. लग्न होऊन आल्या त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून हिवतापाचे फवारणीवाले दरसाल भिंतींवर औषध मारून जात. वर त्या स्वतः बाजारातून पावडर आणून बाजेवर, फटीफटींत भरत. आधी मरत होते. मग कमी मरायला लागले. मग मरेनात. "मी म्हनो, माह्याच हाताले गुन नाही. सासू म्हने, तुले घर झाडाची अक्कल नाही. दुसऱ्यायच्या घरी नाहीत, माह्याच घरी काहून? वीस वर्सं झाली, मॅडम. आवस-पुनवेले घर काढतो मी. तरी थे हायेतच."

ढेकूण आहेत असं त्या पहिल्यांदाच बोलल्या, आणि बोलल्या हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मी म्हटलं, "यात तुमची काही चूक नाही. शंभर ढेकणांत एखाद-दुसरा जन्मतःच चिवट असतो. पावडरीनं बाकीचे मेले, हा राहिला. त्याची पोरं त्याच्यासारखी चिवट. वीस वर्षं हेच चाललंय. तुम्ही जितकी पावडर टाकलीत तितके नेमके चिवटच मागं राहिले. ढेकूण बदलला, शांताबाई. तुम्ही चांगलंच झाडत होतात."

"म्हंजे परीक्षेसारखं," शीला मागून म्हणाली. "नापास झाले थे गेले, पास झाले तेवढेच वर्गात राह्यले."

शांताबाईंनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं रडतायत. नंतर कळलं, हसतही होत्या. त्या संध्याकाळी गुरुजींच्या ताटात ठेचा परत आला. मला फार बरं वाटलं, पण माझ्याकडं कामाचा असा एकही ढेकूण नव्हता आणि शनिवारी परतीची गाडी होती.

जऊळका, शुक्रवार

दुपारी कामरगावचे पाहुणे आले. मुलगा, जो कारंज्याला कचेरीत कारकून होता आणि सारखा चष्मा पुसत होता. त्याची आई, अंगानं भरलेली, नजरेनं घर मोजणारी. आणि मुलाचा मामा, पांढरेशुभ्र कपडे घातलेला. "जयभीम" झाला. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला नवा हार होता. मामांना मानानं गुरुजींच्या वेताच्या आरामखुर्चीत बसवलं. मी कोपऱ्यात पाटावर, मांडीवर हात घेऊन, जणू शाळा तपासायला आलेली.

पोहे आले. मुलीला नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारून झालं. शीला नीट, न घाबरता उत्तरं देत होती. मुलानं तिला वाचायला काय आवडतं ते विचारलं आणि स्वतःच लाजला. सगळं छान चाललं होतं. फक्त मामा जरा हलत होते. आधी डावीकडं. मग उजवीकडं. मग पाठ खुर्चीवर घासून.

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वेताची खुर्ची! वेताला उकळतं पाणी चालत नाही, सैल पडतो. मंगळवारी सगळ्या घराला आंघोळ झाली, या खुर्चीला झाली नव्हती. मी पाहत होते तेवढ्यात मामांच्या खांद्यावर तो आला. चांगला पोसलेला, तपकिरी, वीस वर्षं पावडर खाल्लेल्या घराण्यातला. पांढऱ्या सदऱ्यावर तो सावकाश गळपट्टीकडं निघाला.

माझी बाटली पदराखाली होती. हात आपोआप कुंचल्याकडं गेला. पण मी शब्द दिला होता. मी दोन्ही हात घट्ट दाबून बसले. माझा प्रबंध मामांच्या मानेवर चढत होता आणि मी पोह्यांची तारीफ करत होते. तशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

मुलाच्या आईनं पोह्यांची बशी खाली ठेवली. भावाच्या खांद्याकडं बोट केलं. "बाई, तुमच्या घरी ढेकून हायेत वाटते."

दारात डोकावणाऱ्या राऊतकाकी मागं सरकल्या, कारण आता शेजाऱ्यावर येणार हे त्यांना माहीत होतं. गुरुजींनी खाली पाहिलं. शीला चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली.

शांताबाई उभ्या राहिल्या. त्यांनी पदर खोचला.

"हाव," त्या म्हणाल्या. "आमच्याच घरचा होय. वीस वर्सापासून पावडर टाकून राह्यली मी. आता काहून मरत नाही, थे मॅडम सांगतीन. आन् मॅडम, तुमी बसल्या काय अशा? घ्या ना त्याले! मानंत जाऊन राह्यला!"

मी झेप घेतली. मामा ओरडले. ढेकूण बाटलीत पडला.

मग मी सांगितलं, जसं काल सांगितलं होतं तसंच. शीलानं मध्येच ट्रे ठेवला, कोनाड्यातून काडेपेटी आणली आणि मुलाच्या आईसमोर उघडली. मामा थेट अंगणात पळाले. मंगळवारी गुरुजींनी गुपचूप, फक्त शीलाला सांगून, माझ्यासाठी पुन्हा एक ढेकूण पावडरीत ठेवला होता. तो बाहेर आला, पिठाच्या गिरणीतून माणूस यावा तसा पांढराफटक, आणि शांतपणे पोह्यांच्या बशीकडं चालू लागला.

मुलाची आई त्याच्याकडं बघतच राहिली. "हा मरत नाही?"

"नाही."

"किती बी पावडर टाकली तरी?"

"किती बी."

"मंग माही सासू मले जल्मभर कायले बोलली?" त्या एकदम म्हणाल्या. "तुले घर झाडता येत नाही म्हने! दिवाळीले म्हने, पोळ्याले म्हने, मरतानी बी म्हने!" आणि त्या शांताबाईंकडं वळल्या. शांताबाई म्हणाल्या, "माही बी!" दोघी हसायला लागल्या, आणि हसता हसता दोघींनी डोळे पुसले.

मुलानं चष्मा पुसत मला विचारलं, "मॅडम, किती पाहिजेत तुम्हांला?"

"पन्नास."

"आई, आपल्या घरी सहज..."

"आपल्या घरी नाहीत!" आई कडाडल्या. मग जरा नरम होऊन म्हणाल्या, "शेजारी हायेत. धाडून देईन."

जऊळका, शनिवार

सकाळी शांताबाईंनी आरामखुर्ची अंगणात आणली, सुरीनं वेताची एकेक गाठ सोडवली आणि म्हणाल्या, "या, काढा." वेताच्या वळशावळशांत वस्ती होती. त्रेपन्न निघाले. गुरुजी आपल्या खुर्चीचा सांगाडा बघत उभे होते, पण त्यांना शास्त्राचा अभिमानही वाटत असावा, कारण मोजत तेच होते.

गल्लीत बातमी पसरली होती. एकेक जण यायला लागला. कुणी औषधाची बाटली, कुणी पानाची डबी, कुणी कंदिलाची जुनी काच दोन्हीकडून फडकी बांधून. शीला चिठ्ठ्या लिहायला बसली. नाव विचारलं की प्रत्येक जण आधी इकडंतिकडं बघे. म्हातारबा: "शेजारचे लिव." सूनबाई: "शेजारचे." राऊतकाकी सर्वांत मोठी बाटली घेऊन आल्या आणि त्याही म्हणाल्या, "शेजारच्यायनं देल्ले, मी फक्त आनले." दुपारी मामा बसनं आले, या वेळी बाहेर उभेच राहिले. त्यांच्या हातात चहाचा पत्र्याचा डबा होता. डबा आणि होकार एकदमच आला. डब्यावरही शेजारचेच होते.

मी शीलाला विचारलं, "आणि तुझं काय? तुझा होकार आहे का?"

"काडेपेटी उघडली, तवा थे पळाले नाहीत," ती म्हणाली. "मामा पळाले."

शांताबाईंच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची राहिली होती. शीलानं पेन थांबवून आईकडं पाहिलं. शांताबाईंनी चुलीपाशी काम करत, मागं न बघता सांगितलं, आणि शीलानं ठळक अक्षरात लिहिलं: "आमच्या घरचे. वीस वर्षे पावडर. शांताबाई गवई, जऊळका."

पुणे

वाटेत सगळ्यांना माझ्या हातावर जेवू घातलं. गाडीच्या डब्यातल्या एका आजोबांनी विचारलं, "कुठला उपचार म्हणायचा हा?" मी म्हटलं, "संधिवातावर." ते पुढं बराच वेळ विचारात होते, मला त्यांची काळजी वाटते.

सरांनी टेबलावर बाटल्या मांडल्या. एकेक चिठ्ठी वाचली. "शेजारचे. शेजारचे. शेजारचे. हे शेजारी कोण?" त्यांनी नऊ बाटल्या बाजूला सारल्या. मग दहावी उचलली, वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली. "ही बाई कोण आहे?" ते म्हणाले. "हिला माझा नमस्कार कळव."

सरांच्या बरणीतले ढेकूण तासाभरात आडवे झाले. शांताबाईंचे त्रेपन्न दुसऱ्या दिवशीही पावडरीत फिरत होते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माझं नाव नोंदलं गेलं. मी शिरपूरला सावजींना पत्र टाकलं: सगळे जगले. सध्या सुखरूप आहेत.

त्याच आठवड्यातली गोष्ट. भर दुपारी गादी उन्हात टाकायला उचलली आणि गादीच्या शिवणीतून एक ढेकूण निघाला. माझी बाटली तर कॉलेजात होती, कुलपात. मी आईला हाक मारली.

आईनं पाहिलं, क्षणभरही न थांबता ती म्हणाली, "हा वरच्या लेल्यांकडून येतो. आपल्याकडं नाहीत."

"आई, किती वर्षं पावडर टाकतेस?"

ती गादीचा कोपरा नीट करत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुझी आजी होती तेव्हापासून. मरतच नाहीत गं मेले. मला वाटायचं माझंच काही चुकतंय."

मी तिला खाली बसवलं आणि शांताबाईंची गोष्ट सांगितली. तिनं ऐकली, नाकाला पदर लावला, आणि उठून स्वयंपाकघरातून लोणच्याची रिकामी बरणी धुऊन, पुसून आणली. ढेकूण आत टाकला. मी चिठ्ठी लिहायला घेतली आणि तिच्याकडं पाहिलं.

"लिही," आई म्हणाली. "आमच्या घरचा."